नऊ दिवसांचं पाणी, आठ दिवसांचा डास

हिंगोलीला जाऊन आले असं सांगितल्यावर आमच्या सांगलीच्या सोसायटीतल्या तिघींनी विचारलं, "तिकडं काय आहे बघायला?" चौथीनं विचारलं, "म्हणजे आंध्रात का?" या चौघी दोनदा युरोपला जाऊन आल्यात आणि तिथं जेवणाच्या डब्यातून नेलेल्या पुरणपोळ्या खाल्ल्या एवढंच त्यांना आठवतं. त्यांच्यासाठी मी हे लिहीत नाही. ज्यांना हिंगोली महाराष्ट्रात आहे एवढं ठाऊक आहे, त्यांच्यासाठी लिहिते.

मी नोकरीत कीटक समाहारक होते. असं पद सरकारात खरोखर असतं. लोकांच्या घरात शिरायचं, भिंतीवर बसलेले डास काचेच्या नळीत तोंडानं ओढून घ्यायचे, हौदात पळी घालून अळ्या मोजायच्या आणि घरमालकाच्या शिव्या खायच्या, असं ते काम. त्याच कार्यालयात गफूरभाई सूक्ष्मदर्शकावर बसत. मी डास आणायची, ते रक्ताच्या काचा बघायचे. काचेवरचा मलेरियाचा जंतू त्यांना असा दिसायचा, जसा आपल्याला भातातला खडा. निवृत्तीनंतर ते आपल्या गावी गेले, सेनगाव तालुक्यात. दर ईदला फोन यायचा, "ताई, एकदा आमच्या मुलखात या." यंदा भाद्रपदात गौरी उठल्या आणि मी निघाले.

गावाचं नाव सांगत नाही. साखऱ्याच्या पुढं आहे एवढं पुरे. ज्यांच्यावर मी तोंडसुख घेणार आहे, त्यांना अजून तिथंच राहायचंय.

सेनगाव ते गाव

सेनगावच्या स्टँडवरून पुढं जीप. जीपमध्ये चौदा माणसं, एक शेळी आणि मी. शेजारच्या शेतकऱ्यानं मला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, "कोन्या गावाला?" मी सांगितलं. तो म्हणाला, "काहून चालल्या तिथं? तिथं समद्यायले ताप हाय."

"कसला ताप?"

"डेंगूच म्हनून राहिले. टायफॉईड बी निघाला. दोन्ही निघालं."

आमच्या राज्यात आजारी माणसाला दोन्ही निघतंच. एकच निघालं तर पेशंटला फसवल्यासारखं वाटतं.

"आन कशानं झालं?" मी विचारलं. खरं तर विचारू नये. लोकांची उत्तरं मला गेली तीस वर्षं पाठ आहेत.

"गटारीनं. लय घान हाय गटारीत."

घ्या. डेंगीचा डास गटाराकडं ढुंकूनही बघत नाही. त्याला चांगलं, स्वच्छ, साठवलेलं पाणी लागतं, आपण पिण्यासाठी भरून ठेवतो तसलं. गटारात वाढतो तो दुसरा डास, हत्तीपायाचा. पण डेंगी म्हटलं की अख्खा देश नाक दाबून गटारात वाकून बघतो आणि पाठीमागं स्वयंपाकघरातल्या पिंपात पिढीच्या पिढी वाढत असते. हे मी जीपमध्ये बोलले नाही. शेळी माझ्या पदराची चव घेत होती, तिच्याकडं लक्ष द्यावं लागलं.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं, मध्येच तुरीच्या उंच ओळी. काळी जमीन, मोठं आभाळ आणि लांबवर चपटे डोंगर. आमच्याकडं उसानं दृष्टी अडते. इथं नजर कुठंही अडत नाही. एवढ्या मोकळ्या मुलखात माणसं घरात इतकी कोंडून का राहतात, ते नंतर कळलं. त्या दिवशी घराघराची दारं बंद होती, कारण गावात धूर येणार होता.

धूर

गफूरभाईंनी फाट्यावर उतरवून घेतलं. दाढी पांढरी झालेली, बाकी तेच. जुलेखाभाभींनी खिचडी-खट्टा आणि पापड समोर ठेवला. हा खट्टा म्हणजे चिंचेचा पातळ, झणझणीत प्रकार. आमच्याकडं खिचडीबरोबर कढी घेतात आणि आजाऱ्याला देतात. ही खिचडी खाऊन आजारी माणूस उठून भांडायला लागेल. मी तीनदा घेतली.

तेवढ्यात चौकातून हलगी वाजली. गावात धूर फवारणीचं नवं यंत्र आलं होतं आणि त्याचं उद्घाटन होतं. गावाच्या सरपंच एक बाई आहेत. मला त्या मुक्कामभर एकदाही दिसल्या नाहीत. दिसत होते ते त्यांचे यजमान दत्तराव. लोक त्यांनाच सरपंच म्हणतात आणि ते नाही म्हणत नाहीत. यंत्राला हार घातला होता. नारळ फुटला. सात-आठ मोबाईल वर झाले. "आजपासून आपलं गाव डासमुक्त!" दत्तराव म्हणाले, आणि सकाळी साडेदहाच्या रणरणत्या उन्हात, वारं सुटलेलं असताना, पांढरा धूर सोडला. धूर वाऱ्याबरोबर आभाळात गेला. खाली कोंबड्या तेवढ्या खोकल्या.

मला गप्प बसता येत नाही, हा माझा जुना आजार. मी पुढं झाले. "दत्तराव, लोकांनी धूर येऊ नये म्हणून दारं लावून घेतलीत. डास दाराच्या आत, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांत बसलेत. तुमचा धूर दाराबाहेर. यात मरणार कोण?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं चिडतील. ते चिडले नाहीत. "ताई," ते हळूच म्हणाले, "लोकायले धूर दिसला पायजे. धूर दिसला की काम दिसतं."

इतकं प्रामाणिक वाक्य मी माझ्या अख्ख्या नोकरीत एकाही अधिकाऱ्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

आणि समजा, उडणारे मेलेही. पाण्यातल्या अळ्यांना धुराचं काय? त्या खाली मजेत असतात. भाद्रपदाच्या उकाड्यात अंडं फुटल्यापासून डास उडेपर्यंत साधारण आठ दिवस लागतात. आज धूर केलात तर पुढच्या आठवड्यात नवी फौज तयार.

सुवर्णा

गफूरभाईंच्या भिंतीला भिंत लावून मारोतीभाऊंचं घर. त्यांची मुलगी सुवर्णा बावीस वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करणारी. पहाटे साखऱ्याच्या रस्त्यानं पळायची, मग गफूरभाईंच्या अंगणात कडुलिंबाखाली बसून त्यांच्याकडून गणित शिकायची. गफूरभाई तिच्याबद्दल फोनवरही बोलायचे. "पोरगी तेज हाय ताई. पळते बी, गनित बी करते." मी गेले तेव्हा ती चार दिवसांपासून तापानं फणफणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आई गोदाबाई वाटीत साखर घेऊन हसत आली. "ताप उतरला वो! घाम आला आन अंग गार पडलं."

भाभींनी "शुक्र है" म्हटलं आणि साखर तोंडात टाकली. माझा हात मात्र पुढं झाला नाही.

इथं थोडं थांबून सांगते, कारण हे गावातच काय, आमच्या सोसायटीतही कुणाला ठाऊक नसतं. डेंगीत ताप चढलेला असताना माणूस बहुधा मरत नाही. धोका असतो तो ताप उतरल्यावरच्या एक-दोन दिवसांत. त्या वेळी काही जणांच्या रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं आणि घरचे साखर वाटत असताना माणूस आतून सुकत जातो. आमच्या कार्यालयात माझ्याबरोबर एक कांबळे होता, माझ्यासारखाच डास धरणारा. ताप उतरला म्हणून तो कामावर आला. पोट दुखतंय म्हणाला. मी म्हणाले, "काल काय खाल्लंस?" त्यानं सांगितलं, आम्ही हसलो. संध्याकाळी त्याला उचलून न्यावं लागलं, आणि तो परत आला नाही.

मी उठून शेजारी गेले. सुवर्णा भिंतीकडं तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. हाताला हात लावला, बर्फ. "पोट दुखतंय का गं?" तिनं हो म्हणून मान हलवली. सकाळपासून तीनदा ओकली होती. उशाच्या फडक्यावर हिरड्यांचं रक्त लागलेलं.

"लघवीला कधी गेली होतीस?"

"काल," ती म्हणाली. एवढं बोलूनही तिला दम लागला.

मी मारोतीभाऊंना सांगितलं, "हिला आत्ताच्या आत्ता हिंगोलीला न्यायचं."

"ताप तं उतरला ना बाई?"

"म्हणूनच."

त्यांना वाटलं बाईचं डोकं ठिकाणावर नाही. त्यांनी डॉक्टरला फोन केला. हा डॉक्टर कुठल्या पदवीचा होता ते पाटीवर इतक्या बारीक अक्षरात लिहिलंय की गफूरभाईंच्या सूक्ष्मदर्शकाशिवाय वाचता येऊ नये. तो मोटरसायकलवर आला, सुवर्णाकडं उभ्यानंच पाहिलं आणि म्हणाला, "विकनेस आहे. काल अंगदुखीचं इंजेक्शन दिलंय, आज एक ताकदीचं देतो."

अंगदुखीचं इंजेक्शन! डेंगीत ती औषधं रक्तस्राव वाढवतात. तापाला साधं पॅरासिटामोल आणि भरपूर पाणी, एवढंच द्यायचं असतं. हे मी त्याला सांगितलं. आवाज अर्थातच चढला होता.

"तुम्ही डॉक्टर आहात का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग कोण आहात?"

"डास धरणारी बाई."

दारात जमलेले चार-पाच जण हसले. डॉक्टरही हसला आणि त्यानं सुई काढली. माझी बाजू संपली होती. खरं सांगायचं तर मलाही क्षणभर भीती वाटली. मी चुकत असेन तर? मी डास ओळखते, माणसं नव्हे.

तेव्हा गफूरभाई आत आले. ते कधी आवाज चढवत नाहीत. "मारोती," ते म्हणाले, "ह्या बाईचं बोलनं खराब हाय. तीस साल मी आयकलं. पन हिनं दाखवलेलं बोट चुकलेलं मी एकदा बी पाह्यलं न्हाई. जीप बोलाव."

मारोतीभाऊंनी एकदा मुलीकडं पाहिलं, एकदा त्यांच्याकडं. मग डॉक्टरला म्हणाले, "साहेब, सुई ऱ्हाऊ द्या."

हिंगोली

दुपारी आम्ही हिंगोलीच्या दवाखान्यात पोचलो. कुठल्या ते विचारू नका. तिथं कपाळावर घाम आलेली एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं नाडी पाहिली, नखं दाबून पाहिली, रक्तदाब दोनदा घेतला आणि एका शब्दाचीही चर्चा न करता दोन्ही हातांना सलाईन लावलं. रक्ताचा रिपोर्ट आला. रक्त घट्ट झालं होतं, म्हणजे पाझर सुरू झालेला.

"कोणी आणायला सांगितलं?" तिनं विचारलं.

गोदाबाईंनी माझ्याकडं बोट दाखवलं. मी पदर सावरला. आता कौतुक होणार.

"बाहेर बसा. गर्दी करू नका," डॉक्टरीण म्हणाली.

संध्याकाळपर्यंत सुवर्णाला लघवी झाली. नर्सनं बाहेर येऊन ती बातमी दिली तेव्हा मारोतीभाऊ भिंतीला टेकून खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. लघवी झाली म्हणून माणूस रडलेला मी पहिल्यांदा पाहिला. मी पाणी प्यायला जाते म्हणून तिथून उठले.

पुढचे दोन दिवस नातेवाईक येत राहिले आणि मी त्यांना मनातल्या मनात शिव्या देत राहिले. एकजण शेळीचं दूध घेऊन आला. एकीनं परदेशी फळं आणली, जी तिनं स्वतः आयुष्यात चाखली नव्हती. एका मामानं पपईच्या पानांचा रस बाटलीत भरून आणला आणि "पेशी किती झाल्या?" असं शेअर बाजाराचा भाव विचारावा तसं दर तासाला विचारत राहिला. पेशी, पेशी, पेशी! मुलगी बोलते का, पाणी पिते का, हात गरम आहेत का, हे कुणी विचारेना. आधीच ओकणाऱ्या पोरीला हा हिरवा रस पाजायचा त्यांचा बेत होता. मी बाटली घेतली आणि आधी स्वतः एक घोट घेतला. मग मामाला म्हणाले, "आता तुम्ही घ्या." त्यांनी घेतला. त्यांचा चेहरा पाहून पलंगावरची सुवर्णा हसली. आठवडाभरात पहिल्यांदा.

तिसऱ्या दिवशी तिला भूक लागली आणि माझं तिथलं काम संपलं. हिंगोलीत आलेच आहे तर औंढ्याला जाऊन येते म्हटलं. नागनाथाच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतींवर जे कोरीव काम आहे, ते पाहायला माणसं मान वर करून फिरतात. मी मान खाली घालून फिरले. देवस्थान म्हटलं की नारळाच्या करवंट्या, करवंट्यांत पावसाचं पाणी, पाण्यात अळ्या, हे माझं गणित. तासभर शोधलं. करवंट्या सगळ्या गोळा करून नेलेल्या. एकसुद्धा अळी सापडली नाही. मला चक्क वाईट वाटलं. मग मान वर केली आणि देऊळ पाहिलं. फार देखणं आहे. चार वाक्यांत मावणार नाही, म्हणून लिहीत नाही.

रांजण

गावात परतले ती डोक्यात राख घालून. पांढरं वाडगं आणि टॉर्च घेतला आणि घरोघर निघाले. "पाणी कुठं साठवता, दाखवा." पहिल्या घरात बाईला म्हणाले, "शिकल्यासवरल्या दिसता, अन् पिंपाला झाकण नाही?" तिनं दार लावून घेतलं. दुसऱ्या घरात म्हातारा म्हणाला, "आमच्यात न्हाई असलं काई." तिसऱ्या घरापर्यंत माझी कीर्ती पोचली होती; तिथं कडी आधीच लागलेली. चौथं घर कौसाबाई नावाच्या एकट्या राहणाऱ्या म्हातारीचं. ती दारात काठी आडवी धरून बसली होती. "मह्या घरात काय चोरी झाली काय, बॅटरी घेऊन आली ती?"

पाच वाजता चरफडत गफूरभाईंच्या अंगणात येऊन बसले. कडुलिंबाखाली, सुवर्णाच्या जागी. आणि घोट्याला चावा बसला.

खाली पाहिलं. काळं अंग, पायांवर पांढरे पट्टे. चावते ती मादीच. नर बिचारा फुलांच्या आणि झाडांच्या रसावर जगतो. हिला रक्त लागतं ते भूक म्हणून नव्हे, अंडी पोसायला. हीच ती दिवसा चावणारी. रात्री मच्छरदाणीत झोपून हिच्यापुढं काही उपयोग नाही. आणि ही एकाच माणसावर पोट भरत नाही. जरा हललात की उठून दुसऱ्यावर बसते. म्हणून एका घरात चार-चार माणसं पडतात.

ही फार लांब उडत नाही. मी आजूबाजूला पाहिलं. माझ्यापासून दहा पावलांवर गफूरभाईंच्या वडिलांच्या वेळचा रांजण होता, अर्धा जमिनीत पुरलेला. तोंडावर फडकं बांधलेलं, पण एका बाजूनं फाटून आत पडलेलं. मी वाडगं बुडवलं. अळ्या. शेपटीकडची नळी पाण्याच्या पृष्ठभागाला लावून, डोकं खाली करून लटकलेल्या, टॉर्च लावताच वळवळत तळाला जाणाऱ्या. एका वाडग्यात मोजता येईनात इतक्या.

मी ओरडलेच. "गफूरभाई! इकडं या!"

ते आले. भाभी आल्या. दवाखान्यातून कपडे न्यायला आलेल्या गोदाबाईही भिंतीपलीकडून आल्या. आणि मी त्या तिघांसमोर बोलले. "तीस वर्षं रक्ताच्या काचा बघितल्यात. कणाएवढा जंतू दिसायचा तुम्हाला. दारातला रांजण दिसला नाही? रोज ती पोरगी इथं येऊन बसत होती. इथं!"

गफूरभाईंनी वाडग्यात पाहिलं. मग हळूच म्हणाले, "फडकं मी बांधलं व्हतं."

"फाटलंय ते."

"व्हय. फाटलंय."

गोदाबाईंचा चेहरा मला अजून दिसतो. त्या एकदा रांजणाकडं, एकदा गफूरभाईंकडं बघत होत्या. मग कपड्यांचं गाठोडं उचलून त्या निघून गेल्या.

आता कबूल करते. कुठला डास सुवर्णाला चावला, हे कुणी छाती ठोकून सांगू शकत नाही. डास शेजारच्या घरातला असेल, चौथ्या घरातला असेल, तिच्या स्वतःच्या घरातलाही असेल. चावणाऱ्या मादीच्या अंगात विषाणू तयार व्हायलाही आठवडाभर जातो. तेवढ्यात ती दहा अंगणं फिरते. हे मला त्या क्षणी पूर्ण ठाऊक होतं. पण मला राग आला होता आणि रागाला नेमकं माणूस सापडलं होतं. म्हणून हे मी बोलले नाही.

संध्याकाळी गफूरभाई जेवले नाहीत. भाभींनी मला भाकरी वाढली, येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, आमटी वाढली, माझ्याशी नीटच बोलल्या. ते जास्त लागलं.

मी म्हणाले, "भाभी, आठवड्यातून एकदा रांजण पूर्ण रिकामा करून घासायचा असतो. कोरडा दिवस."

भाभी म्हणाल्या, "ताई, इथं नळ नवव्या दिवशी येतो. आठव्या दिवशी पाणी फेकलं तर नववा दिवस येईस्तोवर पियाचं काय?"

मी तीस वर्षं सांगली जिल्ह्यात 'आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा' असं बजावत फिरले. तिथं कृष्णा आहे. पाणी कमी पडायचं सोडा, दर काही वर्षांनी ते आपणहून घरात शिरतं. माझ्या कागदावरचा कोरडा दिवस ज्यानं लिहिला, त्याच्या घरी नक्कीच चोवीस तास नळ असणार. मी तो कागद कधी उलटून पाहिला नव्हता. भाभींकडं मी दुसरी भाकरी मागितली.

नववा दिवस

दुसरा दिवस पाण्याचा होता. सकाळी सातलाच चौकातल्या नळावर घागरी, हंडे, पिंपं आणि बायकांची रांग लागली होती. दत्तरावही हजर होते. गफूरभाई हातात काचेचा पेला घेऊन बाहेर पडले. मी मागून गेले. त्यांनी मला काही सांगितलं नव्हतं.

रांगेच्या समोर उभं राहून त्यांनी पेला वर धरला. "जरा पाहा," ते म्हणाले. "हे पानी मह्या घरचं हाय. मह्या रांजनातलं."

बायकांनी पाहिलं. पेल्यात त्या बारीक अळ्या खालीवर करत होत्या.

"मी सरकारात हेच काम करत व्हतो. मलाच माहीत असाया पायजे व्हतं. सुवर्णा रोज मह्या रांजनापाशी बसून शिकत व्हती." त्यांनी पेला खाली घेतला. "तकलीफ तिला झाली. चूक मही हाय."

नळाखालची घागर भरून वाहू लागली. मला पुढं जाऊन सांगायचं होतं, तसं सिद्ध होत नाही, डास कुठलाही असू शकतो. आदल्या संध्याकाळी सांगायला हवं होतं ते मी आता सांगणार होते. पण माझ्या आधी रांगेतून गोदाबाई बाहेर आल्या. त्या रात्रभर दवाखान्यात बसून पहाटेच्या पहिल्या गाडीनं पाण्यासाठी परतल्या होत्या.

"तुमच्याच रांजनातलं कशावरून गफूरभाऊ?" त्या म्हणाल्या. "मह्या टाकीला बी झाकन न्हाई. पोरगी रातंदिस तिच्यापाशीच असते." मग रांगेकडं वळून म्हणाल्या, "बघा, आपापल्या घरात बघा."

मग मला बोलता आलं. मी सांगितलं, आणि या वेळी कुणाच्या शिक्षणाचा उल्लेख केला नाही. आज पाणी भरायच्या आधी भांडी रिकामीच आहेत. हाच तुमचा कोरडा दिवस. पण नुसती उलटी करू नका. मादी अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या वरच्या कडेला भांड्याच्या भिंतीवर चिकटवते. ती महिनोन्‌महिने कोरडी राहूनही जगतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून काथ्यानं आतून घासा, मग भरा, आणि तोंडाला दुहेरी फडकं घट्ट बांधा.

"फाटकं न्हाई," गफूरभाई म्हणाले. दोघी-तिघी हसल्या. तेही हसले, कसंनुसं.

दत्तरावांनी खिशातून मोबाईल काढला. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी तो परत ठेवला आणि, सांगायला हवं, बाह्या वर करून चावडीची टाकी घासायला स्वतः आत उतरले. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

दुपारपर्यंत आम्ही दोघं घरोघर फिरलो. ज्या घरांनी मला कड्या लावल्या होत्या, त्यांची दारं उघडी होती. पुढं गफूरभाई, मागं टॉर्च धरून मी. अकरा घरांतून अळ्या निघाल्या. कुणी लपवल्या नाहीत. एकीनं तर आतून हाक मारली, "आमच्यात बी निघाल्या वो!" जशी काही स्पर्धा होती.

माझी सगळी नोकरी मी लोकांना हिणवत केली, आणि अळ्या असलेली पिंपं मला लोकांनी क्वचितच दाखवली. मी त्याला त्यांचं अज्ञान म्हणायची.

शेवटी कौसाबाईचं घर आलं. काठी आजही आडवी होती. तिनं गफूरभाईंकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"ही बाई भाएर ऱ्हाईल," ती म्हणाली.

मी बाहेर राहिले. टॉर्च गफूरभाईंच्या हातात दिला. उन्हात उंबऱ्यापाशी उभी राहून मी आतलं ऐकत होते. भांडं सरकल्याचा आवाज आला. मग गफूरभाईंचा, अगदी हळू: "आत्या, झाकन काढू का?"

"काढ बाबा," म्हातारी म्हणाली. "तुह्या घरात निघाल्या, मग मले कायची लाज."